वाकड्या नळीतली काळी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी काळी गोळी आहे. लिमलेटची नव्हे, खेळण्यातलीही नव्हे. करंगळीच्या टोकाएवढी आहे मी, आणि एका काचेच्या नळीत राहते. नळी मध्ये खाली वाकलेली आणि दोन्ही टोकांना वर उचललेली आहे, हसऱ्या ओठांसारखी. घरंगळताना मी काचेवर आदळू नये म्हणून तिच्यात पातळ तेल भरले आहे. मधोमध दोन उभ्या रेघा आहेत. त्या दोन रेघांमधली जागा हे माझे घर, असे सगळे म्हणतात.

सध्या मी कलकत्त्याजवळच्या डमडमला केळशीकरांच्या बैठकीच्या खोलीत भिंतीवर असते. एका बाजूला गणपतीची तसबीर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णेची, आणि मध्ये लाकडी चौकटीत बसवलेले माझे उपकरण. दसऱ्याला तुमच्यासारखी मुले सोने द्यायला येतात. कलकत्त्यात आपटा मिळत नाही म्हणून ती कांचनाची पाने आणतात, वडीलधाऱ्यांना वाकून नमस्कार करतात आणि मग माझ्याकडे पाहत उभी राहतात.

परवा लीला नावाची एक मुलगी म्हणाली, "काकू, तुमची गोळी मध्ये नाही. खिळा वाकडा मारलाय."

"खिळा सरळ आहे गं," सुनीतीकाकू म्हणाल्या. "चौकट मीच तिरकी लावलीये."

"का पण?"

"तू आधी ताटलीतली ती संदेश मिठाई संपव."

काकू हे कुणालाच नीट सांगत नाहीत. सांगायला बसतात आणि मध्येच उठून चहा टाकतात. म्हणून आज मी सांगते. पण आधीच कबूल करते, माझा पुष्कळदा गोंधळ होतो. सगळ्या गोष्टी मला कळल्या आहेत असे समजू नका.

माझा जन्म एका दूरच्या थंड देशात झाला. डोळ्याला भिंग लावलेल्या एका मुलीने मला चिमट्यात धरून या नळीत सोडले, तेल भरले आणि तोंड बंद केले. माझे काम काय, हे मला कुणीच सांगितले नाही. माझ्या डोक्यावर एक गोल तबकडी होती आणि तिच्यात एक पांढरा काटा होता. आमचे हे उपकरण विमानात बसवायचे होते. विमान डावीकडे वळू लागले की काटा डावीकडे जाई, उजवीकडे वळू लागले की उजवीकडे. त्याला आपले काम ठाऊक होते. मी मात्र जिकडे ढकलली जाई तिकडे घरंगळत असे. तिकडे का गेले, हे मला स्वतःलाही सांगता येत नसे.

तेव्हा महायुद्ध चालू होते. मला एका लहान विमानात बसवले. त्याला दोन इंजिने होती, डाव्या पंखावर एक आणि उजव्या पंखावर एक. विमान हिंदुस्थानात आले. युद्ध संपले, तसे ते गवतात उभे राहिले. पावसाळे गेले. नळीच्या कडेला बुरशी आली. मला वाटले, आता आपले संपले.

पण देशाची फाळणी झाली आणि त्रिपुरा, आसामकडे जाणारे रेल्वेचे जुने रस्ते तुटले. औषधे, टपाल, माणसे सगळे विमानाने जाऊ लागले. डमडमच्या एका छोट्या कंपनीने आमचे विमान विकत घेतले, आणि माझ्या आयुष्यात दोन माणसे आली.

एक श्यामसुंदर मिस्त्री. इंजिनाच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा. त्याने माझी काच मऊ फडक्याने पुसली, तेव्हा कित्येक महिन्यांनी मला उजेड दिसला. दुसरे कॅप्टन दिगंबर केळशीकर. मूळचे साताऱ्याकडचे, वडिलांच्या नोकरीमुळे कलकत्त्यात वाढलेले. पहिल्याच दिवशी ते डाव्या खुर्चीत बसले, माझ्यावर टिचकी मारली आणि म्हणाले, "काय काळूबाई, नीट सांगणार ना?"

तेव्हापासून माझे नाव काळूबाई पडले. त्यांच्या गावाकडच्या देवीचे नाव आपल्याला का मिळाले, हे मला कळले नाही, पण बरे वाटले.

कॅप्टनसाहेब मला फार जपत. उड्डाण चालू असताना मी दोन रेघांच्या मध्ये असले की म्हणत, "शाब्बास." मी सरकले की पाय दाबत. त्यांच्या पायाशी दोन पेडल होती. ती दाबली की विमानाची शेपटी फिरे. मी उजवीकडे गेले तर ते उजवा पाय दाबत, डावीकडे गेले तर डावा, आणि मी पुन्हा मध्ये येई. शाबासकी त्यांच्या पायांची होती, पण मिळे मला. यातही माझा गोंधळ होईच.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचे सगळे तिच्यावर आहे. दोन इंजिनांचे विमान वर उठल्या उठल्या एक इंजिन बंद पडले, तर काय होते? तुम्ही म्हणाल, दुसरे आहे की. मलाही तसेच वाटत असे. पण चालू असलेले इंजिन आपली बाजू पुढे ओढते आणि मेलेली बाजू मागे राहते, त्यामुळे विमान गरकन मेलेल्या बाजूला वळू लागते. वेग कमी झाला तर पाठीवर उलटते. त्यात मेलेल्या इंजिनाचा पंखा थांबतही नाही. वाऱ्याने तो गरगरत राहतो, म्हणून नुसते बाहेर पाहून कोणते इंजिन गेले हे पटकन कळत नाही.

अशा वेळी मी उपयोगी पडते. मी चालू इंजिनाच्या बाजूला पळते. वैमानिकाने माझ्या बाजूचा पाय दाबायचा. जो पाय रिकामा राहिला, त्या बाजूचे इंजिन मेले. पण लगेच ते बंद करायचे नाही. आधी त्याचा थ्रॉटल, म्हणजे शक्ती कमीजास्त करणारा दांडा, हळूच मागे ओढून पाहायचा. काहीच फरक पडला नाही, तर तेच मेलेले. मग त्याच्या पंख्याची पाती वाऱ्याला आडवी न राहता कडेने राहतील अशी फिरवायची, म्हणजे वारा अडत नाही.

कॅप्टनसाहेबांची दर सहा महिन्यांनी परीक्षा असे. तिची तयारी ते घरी करत. जेवणाच्या टेबलाखाली दोन पाट ठेवायचे, त्यांवर पाय ठेवून बसायचे, आणि सुनीतीकाकूंनी पोळ्या लाटता लाटता ओरडायचे, "काळूबाई उजवीकडे." साहेब उजवा पाट दाबत. "रिकामा कोणता?" "डावा." "मग मेलं कोणतं?" "डावं." "खात्री?" इथे साहेब पाण्याच्या तांब्याला थ्रॉटल समजून मागे ओढत. एकदा त्यांनी तो जोरात ओढला आणि पाणी पिठात गेले.

"हे इंजिन आता बुडालं," काकू म्हणाल्या. "उठा, पीठ तुम्हीच मळा."

हे सारे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. या भिंतीवर आल्यावर कळले. पण यामुळेच न पाहताही काकूंच्या मनात माझ्याविषयी माया तयार झाली होती. रोज आपल्या नवऱ्याला घरी आणणारी कोणी काळूबाई आहे, एवढे त्यांना माहीत होते.

आणि त्या मायेतूनच पुढचे घडले.

विश्वकर्मा पूजेच्या दिवशी श्यामसुंदरने सगळ्या विमानांना शेंदूर लावला होता. इंजिनाच्या झाकणांना, पंख्यांना, चाकांना. आत त्याने काही लावले नाही. महिन्याभराने खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी कामाच्या हत्यारांची पूजा करतात. सुनीतीकाकू ताम्हणात हळद, कुंकू, झेंडू घेऊन हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवायच्या मोठ्या शेडमध्ये, आल्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिले. बारीक चणीच्या, नऊवारीच्या जागी पाचवारी नेसलेल्या, कपाळावर रुपयाएवढे कुंकू.

"ह्याच का त्या?" त्यांनी विचारले.

"ह्याच," साहेब म्हणाले. "हात जोड, पण नवस बोलू नकोस. फेडायला मलाच जावं लागेल."

काकू उजव्या खुर्चीत बसल्या. बोटावर कुंकू घेतले. कोरडे कुंकू काचेवर राहीना, तेव्हा त्यांनी त्यात खोबरेल तेलाचा थेंब मिसळला. घरी देवांच्या तसबिरींना त्या रोज काचेवरच गंध लावत, त्यामुळे यात वावगे ते काय? उलट त्यांनी विचारही केला. मधोमध लावले तर यांना रेघा दिसणार नाहीत, म्हणून बाजूला, नळीच्या डाव्या टोकाशी लावू. आणि त्यांनी अनामिकेने तिथे छोटासा गोल टिळा लावला.

श्यामसुंदर खिडकीतून पाहत होता. तो काकूंना बौदी म्हणत असे, म्हणजे वहिनी. तो हलकेच म्हणाला, "बौदी, काच पे नहीं देना चाहिए. हम पोंछ दें?"

काकूंचा चेहरा उतरला. "कुंकू पुसणार?"

एवढेच त्या बोलल्या. मित्रांनो, बाईच्या हातचे कुंकू पुसणे म्हणजे काय, हे तुम्हाला मोठेपणी कळेल. नवरा गेला की कुंकू पुसतात. श्यामसुंदरच्या बंगालमध्येही शेंदराचे तसेच आहे. त्याचे फडके धरलेला हात खाली आला. तो साहेबांकडे पाहू लागला. साहेब म्हणाले, "राहू दे रे. कुठे मध्ये आहे?"

मी नळीतून त्या टिळ्याकडे पाहिले. आपला मान झाला की आपल्या शेजारी दुसरे कुणी येऊन बसले, ते मला उमगेना.

चार आठवडे गेले. कुंकू वाळले. त्यावर हँगरची धूळ बसली, तेलात मुरली. लाल रंग आधी तपकिरी झाला, मग काळा. आता तो टिळा गोल होता, काळा होता, आणि माझ्याएवढाच होता. स्वच्छ हवेत काही बिघडले नाही. साहेब खिडकीबाहेर क्षितिज पाहत, मला क्वचितच पाहत. त्यांनाही त्या टिळ्याची सवय झाली. सवय झालेली वस्तू माणसाला दिसत नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकले.

दिवाळी झाल्यावर आगरतळ्याहून पत्र आले. काकूंचे धाकटे भाऊ तिथे सरकारी नोकरीत बदलून गेले होते, आणि त्यांना मुलगी झाली होती. त्या दिवशी विमानात औषधांच्या पेट्या आणि टपालाच्या थैल्या होत्या. पुढची उजवी खुर्ची रिकामी होती. कंपनीने परवानगी दिली आणि काकू निघाल्या. मांडीवर बाळंतिणीसाठी डिंकाच्या लाडवांचा पत्र्याचा डबा.

"एवढे लाडू?" साहेब म्हणाले. "माझ्या इंजिनांना विचारलंस का?"

"त्यांनाही देईन एकेक. आधी उडवा तरी."

सकाळ धुक्याची होती. धुके उचलले गेले, पण ढग फार खाली राहिले. आम्ही धावपट्टीवर धावलो. जडच होतो. चाके सुटली, साहेबांनी ती पोटात ओढून घेतली. काकूंनी डोळे मिटले होते. ते उघडले तेव्हा काचेबाहेर सगळे पांढरे झाले होते. ना जमीन, ना आकाश.

आणि त्याच क्षणी डावे इंजिन खोकले.

मोठा आवाज झाला नाही. कुणाचा श्वास अडकावा तसे झाले. मग विमानाचे नाक डावीकडे ओढले गेले आणि मी घरंगळत उजव्या टोकाला जाऊन आदळले. काटाही डावीकडे पडला. माझे काम मी केले होते. मी वाट पाहत राहिले, की आता साहेब उजवा पाय दाबतील.

साहेबांनी खाली पाहिले. बाहेर काहीच दिसत नव्हते, म्हणून आता सगळी भिस्त आमच्यावर होती. पाटांवरच्या सरावाप्रमाणे त्यांची नजर काट्याऐवजी थेट नळीवर आली. डाव्या टोकाशी एक काळा गोल ठिपका होता. मी उजव्या कडेच्या सावलीत दबले होते. त्यांनी डावा पाय दाबला.

मी आणखी जोराने उजवीकडे चेपली गेले. माझे डोके फिरले. मी सांगितले ते चूक होते का? इतकी वर्षे मी चुकीच्याच बाजूला जात होते का? ज्याचे ऐकले जात होते तो तर जागचा हलतही नव्हता.

डावा पंख खाली झुकू लागला. साहेब पुटपुटले, "काळूबाई डावीकडे. उजवा पाय रिकामा. उजवं गेलं." त्यांचा हात उजव्या इंजिनाच्या दांड्याकडे गेला. मित्रांनो, आमचे जिवंत इंजिन एवढे एकच उरले होते, आणि ते आता बंद होणार होते.

हे सांगायला मला वेळ लागतो आहे. घडायला दोन श्वासही लागले नाहीत.

धक्क्याने लाडवांच्या डब्याचे झाकण उडाले होते. लाडू खाली पडले, आणि सगळेच्या सगळे गडगडत उजवीकडे, काकूंच्या पायांपलीकडे भिंतीशी जाऊन थांबले. काकू गोंधळल्या. त्यांनी लाडवांकडे पाहिले, मग नळीकडे पाहिले. पाटांवरची सगळी शिकवण त्यांच्या कानांत होती.

"अहो," त्या म्हणाल्या, "लाडू इकडे आले. मग काळूबाई तिकडे कशी?"

"काय?"

"लाडू माझ्याकडे आलेत. ती तिकडे कशी गेली?"

"सुनीती, आत्ता नको."

काकू पुढे वाकल्या. त्यांनी तो ठिपका जवळून पाहिला. त्याच्या कडेला अजून थोडी लाली होती, आणि त्यांच्या बोटावरच्या रेघा त्यात उमटल्या होत्या.

"ती काळूबाई नाही," त्या म्हणाल्या. "ते माझं कुंकू आहे."

साहेबांचा हात दांड्यावर थांबला, पण त्यांना अर्थ लागला नव्हता. ते पाहत होते तरी त्यांना दिसत नव्हते. मग काकूंनी पदराचे टोक तोंडात धरून ओले केले, आणि काचेवरून पुसले. एकदा. लाल फराटा उमटला. पुन्हा. काच स्वच्छ झाली.

डावे टोक रिकामे होते. उजवीकडे एकटी मी होते.

साहेबांचे पाय बदलले. उजवे पेडल त्यांनी गुडघा ताठ होईपर्यंत दाबले, आणि वेग जाऊ नये म्हणून नाक थोडे खाली केले. विमान थरथरले, पण वळायचे थांबले. त्यांचा आवाज एकदम घरातल्यासारखा झाला.

"रिकामा कोणता?"

"डावा," काकू म्हणाल्या.

"मेलं कोणतं?"

"डावं."

हात डाव्या दांड्याकडे गेला, आणि तिथे थांबला.

"खात्री?" काकूंनी विचारले.

त्यांनी दांडा हळूच मागे ओढला. काहीही फरक पडला नाही. तेच मेलेले होते. मग त्यांनी डाव्या पंख्याची पाती फिरवली. तो गरगरणारा पंखा मंदावला आणि उभाच्या उभा थांबला. विमानाच्या अंगावरून कुणी मोठे ओझे उतरवावे तसे झाले. आमचे खाली जाणे थांबले. हळूहळू, अगदी हळूहळू आम्ही चढू लागलो.

मी मधल्या रेघांकडे सरकू लागले. इतकी वर्षे तीच शिकवण होती ना, की मध्ये राहायचे. पण साहेबांनी उजवा पंख, म्हणजे जिवंत इंजिनाचा पंख, किंचित खाली झुकवून धरला, आणि मी अर्धी रेघेच्या आत, अर्धी बाहेर, अशी उजवीकडे अडकले.

"ती मध्ये नाही आली अजून," काकू काळजीने म्हणाल्या.

"नको येऊ दे. आज तिनं अर्धं बाहेरच राहायचं. एका इंजिनावर विमान असंच सरळ चालतं."

मला काय वाटले असेल, विचार करा. जन्मभर ज्या जागेसाठी शाबासकी मिळाली, ती जागा त्या दिवशी चूक होती. मी तशीच थरथरत राहिले. ढगातून बाहेर आलो तेव्हा खाली भाताची पिवळी शेते, एक तळे, आणि दूर धावपट्टी दिसली. मोठे वळण घेत, चालू इंजिनाचा एकसुरी आवाज ऐकत आम्ही परत उतरलो.

श्यामसुंदर धावत आला. त्याने दार उघडले, थांबलेला डावा पंखा पाहिला, मग काच पाहिली. मग काकूंच्या पदरावरचा लाल फराटा पाहिला.

"बौदी, आपने खुद?"

काकू म्हणाल्या, "हां. मैंनेही."

त्याने मान खाली घातली. डाव्या इंजिनाच्या पेट्रोलच्या नळीत कचरा अडकला होता, तो त्याने दुपारी काढला. पण त्या वेळी तो तसाच उभा राहिला, फडके हातात धरून.

काकू खाली उतरल्या नाहीत. खुर्चीतच बसून राहिल्या. साहेब लाडू गोळा करत होते.

"माझ्या कुंकवानं आज..." त्या बोलू लागल्या.

"कुंकवानं नाही. ते काचेवर राहिलं म्हणून. आणि काच माझी आहे."

"मी पुसू देत नव्हते."

"मी विचारलं कुठे होतं? तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही. आणि वर शिकाऊ वैमानिकांना शिकवतो, ओळखलं तरी खात्री करा." त्यांनी एक लाडू फुंकून डब्यात ठेवला. "ह्यांनी खरं सांगितलं, सुनीती. डिंकाच्या लाडवांनी."

काकू हसल्या नाहीत. त्यांनी साहेबांच्या कपाळावरचा घाम त्याच पदराने पुसला, आणि तिथे पुसटशी लाली लागली. ती त्यांनी तशीच राहू दिली.

मित्रांनो, मला अजूनही पुष्कळ कळलेले नाही. ज्या कुंकवाने नवऱ्याचे आयुष्य मागायचे, ते त्याच्या वाटेत उभे राहिले. जे पुसले की अशुभ म्हणतात, ते पुसले म्हणून तो घरी आला. मग शुभ कोणते? मी एक गोळी. मला फक्त घरंगळता येते.

पुढे सहा-सात वर्षे मी काम केले. श्यामसुंदर रोज सकाळी, चाके पाहण्याच्याही आधी, माझी काच पुसत असे. मग विमान म्हातारे झाले. नवी, मोठी विमाने आली. आमच्या विमानाला हँगरच्या मागे नेले, तिथे कावळे त्याच्या पंखांवर बसू लागले. कुणी खुर्च्या नेल्या, कुणी चाके. एक वर्षभर माझ्याकडे कुणी फिरकले नाही. काचेवर धूळ बसली आणि मला पुन्हा काही दिसेनासे झाले. शेवटी विमान भंगारात निघाले, त्या दिवशी श्यामसुंदरने चार स्क्रू काढले, मला वर्तमानपत्रात गुंडाळले आणि केळशीकरांच्या घरी आणले.

साहेबांनी चौकट करून घेतली. दोरा धरून ती अगदी सरळ टांगली. मी रेघांच्या मधोमध आले. काकू लांब उभ्या राहून पाहत होत्या. त्या पुढे आल्या आणि एका बोटाने चौकटीचा उजवा कोपरा खाली ढकलला.

"अशीच होती ना?"

साहेबांनी एक डोळा मिटला. "आणखी थोडी. बस."

तेव्हापासून मी अशी आहे, अर्धी रेघेच्या आत आणि अर्धी बाहेर.

आता माझ्या नळीतले तेल थोडे उडून गेले आहे. वर एक बुडबुडा झाला आहे, तो मला चिडवतो. तुम्हाला माझे एकच सांगणे आहे. तुमच्या घरात जी वस्तू रोज काही सांगते, घड्याळ, काटा, दिवा, आजीचा चष्मासुद्धा, तिला नमस्कार जरूर करा, पण आधी तिची काच पुसा. प्रेमाने लावलेला डागसुद्धा डागच असतो. तो पुसायला कुणाला वाईट वाटेल असे वाटले, तर त्याला विचारा. कदाचित तो स्वतःच पुसेल.

आणि ही चौकट सरळ करू नका. लीलाने परवा खुर्चीवर चढून केली होती. काकूंनी ती गेल्यावर पुन्हा तिरकी केली.

खंडेनवमीला काकू अजून माझी पूजा करतात. हळद-कुंकू चौकटीच्या लाकडाला लावतात, काचेला नाही. आणि त्याआधी पेटीतून एक जुना कापडाचा तुकडा काढून माझी काच पुसतात. तो तुकडा एका साडीच्या पदरातून कापलेला आहे. धुऊन धुऊन विरला आहे, तरी त्यावरचा लाल फराटा गेलेला नाही.